शेरा

चिखली : सात किलोमीटर. वेळ : पंचवीस मिनिटं.
हे मी स्टँडच्या फळ्यावर खडूनं
एकतीस वर्षं लिहिलं.
पंचविसात गंगावेशीतली गर्दी धरलेली असे,
दुधाचे कॅन चढवणं धरलेलं असे,
आणि पुलावर म्हैस आडवी आली तर आणखी दोन,
ती मनात. फळ्यावर नाही.

लेक सांगते, बाबा, इथं दोन बेटं आहेत,
मधे विमान जातं,
दीड मिनिट.
मी म्हटलं, दीड तास म्हण.
मिनिट बाबा, म्हणाली. वारा पाठीवर असला
तर सव्वा.

आठ शिटा. त्यात एक मास्तरीण, टपालाची पिशवी,
महिन्यातनं एकदा दातांचा डॉक्टर,
कधी खुराड्यासकट कोंबड्या.
विमानतळ म्हणजे पत्र्याची शेड
आणि शेडीत आमची आश्लेषा :
तिकीट तीच फाडते, सामान तीच उचलते,
आगीचा बंबही तिच्याच ताब्यात,
विमान टेकायच्या आधी धावपट्टीवरची मेंढरं
तीच हाकलते.
मालन म्हणाली, एवढं शिकून शेवटी मेंढरं?
मी म्हटलं, अगं, पोरगी कंट्रोलर झाली.

मला एकच कळंना,
मग पूल का बांधत न्हाईत?
खाली ओढ फार आहे, म्हणाली, टिकायचा नाही.
मी गप्प बसलो.
आमच्याकडं पूल होता की.

तिच्याच नक्षत्राचा पाऊस होता तो.
राजाराम बंधाऱ्याचे फूट लोक
सोन्याच्या भावागत विचारत होते.
पंचावन्न.
शिरोलीला हायवे बुडाला. चिखलीच्या वाटेवर
पुलाच्या अलीकडं पाणी, पलीकडं पाणी,
आणि मधे पूल,
कुठूनच कुठं न जाणारा.
मी स्टँडवर, अंगात परवाचा खाकी शर्ट.
मालन चिखलीत, जोतिराम वरुट्यांच्या स्लॅबवर,
बावीस माणसं, नऊ शेळ्या,
मोबाईल चार टक्के.
म्हशीचं दावं कापलं, एवढं म्हणाली
आणि फोन गेला.

उजळाईवाडीकडनं हेलिकॉप्टर आलं,
डोक्यावरनं गेलं. मी घड्याळ बघितलं, सवय.
तीन मिनिटांत ते तिच्या डोक्यावर असेल.
मी पोचलो तिसऱ्या दिवशी,
दिलावर मुल्लाणीच्या बोटीतनं,
उसाच्या शेंड्यांवरनं,
विजेच्या मेलेल्या तारांखाली मान घालून.
मालननं विचारलं, जेवलासा?

रजिस्टरात त्या दिवसांपुढं
माझ्याच अक्षरात आहे, फेरी रद्द.
शेऱ्याच्या रकान्यात कारण लागतं.
लिहिलंय, पाणी.

काल आश्लेषा जरा हळू बोलत होती.
वारा सुटलाय. पाच दिवस विमान नाही,
होडीचं तर नावच नको.
पलीकडं एका बाईचे दिवस भरलेत,
डॉक्टरीण अलीकडं, आमच्या शेडीत,
बॅग मांडीवर घेऊन.
संध्याकाळी त्या बाईच्या खिडकीतला दिवा दिसतो बाबा,
इतकं जवळ आहे ते.
मालननं फोन माझ्या हातातनं घेतला.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, त्या डॉक्टरणीला काहीतरी खाऊ घाल.

रात्री जुनं रजिस्टर काढलं,
मागची पानं कोरी आहेत अजून.
पट्टी सापडंना, दिनदर्शिकेच्या पुठ्ठ्यानं रेघा मारल्या.
बेट ते बेट : पावणेतीन किलोमीटर.
वेळ : दीड मिनिट. खोडलं.
पाच दिवस. तेही खोडलं,
त्या रकान्यात आता नुसती शाई आहे.
शेरा :
दिवा दिसतो.